तबकडीला अर्घ्य

"चंद्र पाहून जेवायचं, घड्याळ पाहून नाही. अन् नाही दिसला तं दिसला म्हणायचं नाही."

जयवंताबाईंचा हा आवाज गोपिकाबाईंच्या कानात असा बसला होता की सासू जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी संकष्टीच्या तिन्हीसांजेला तो हटकून यायचा. काटोलकडच्या घरी, लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला, नव्या सुनेच्या हातात तबक देताना सासूने एवढंच सांगितलं होतं. पंचांगात चंद्रोदयाची वेळ दिलेली असते. ढग असले तर ती वेळ धरून, उगवतीला तोंड करून अर्घ्य दिलं तरी चालतं, असं गुरुजीसुद्धा सांगतात. जयवंताबाईंना ते चालत नसे. वेळ पाहून जेवायचं म्हणजे नुसती हजेरी लावल्यासारखं झालं, दर्शन कुठे झालं, असं त्या म्हणायच्या.

त्यामुळे पावसाळ्यातल्या संकष्ट्या गोपिकाबाईंना जड जायच्या. कधी चंद्र पहाटेकडे दिसायचा, कधी दिसायचाच नाही, आणि मग पंचमीच्या सकाळी सूर्याला हात जोडून त्या घोटभर दूध घ्यायच्या. कुरकुर नाही की कुणाला सांगणं नाही. नागपूरला, प्रतापनगरात घर बांधून राहायला आल्यावर गल्लीतल्या बायकांच्या हे लक्षात आलं, आणि हळूहळू तिथे रिवाजच पडला. ढगाळ संकष्टीला कुणी पंचांग उघडत नसे. "गोपिकाकाकूले दिसला का?" एवढं विचारून घ्यायचं. काकूंनी मान हलवली की गल्लीभर ताटं वाढली जायची.

काकूंचे यजमान महादेवराव रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी अजनीच्या कॉलनीत काढून, निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं. माणूस कमी बोलणारा आणि बोललेल्याला पक्का. दूधवाल्याला उद्या पैसे देतो म्हटलं की ताप अंगात असला तरी सकाळी फाटकाशी उभे. गल्लीत त्यांचा हा गुण सगळ्यांना ठाऊक होता, आणि घरात त्याचा जाच काय असतो ते एकट्या गोपिकाबाईंना ठाऊक होतं.

कारण दोन वर्षांपूर्वी ते असंच एक बोलून बसले होते.

उत्तरा त्यांची एकुलती एक. शिकून शाळेत लागली आणि त्याच शाळेतल्या यशवंत रामटेके नावाच्या मास्तरशी तिने कचेरीत जाऊन लग्न केलं. रामटेके शहरातल्याच इंदोऱ्याचे. छप्पन साली नागपुरात ज्या घरांनी धम्मदीक्षा घेतली त्यांतलं त्यांचं घर. जात हा शब्द महादेवरावांनी तोंडातून काढला नाही. ते रीत म्हणाले. पोरीनं रीत सोडली, म्हणाले. मग अंगणात उभं राहून, चार लोकांच्या देखत बोलले, "मावळतीकून चंद्र निंगन ना, तवाच या घरचा पाय तिच्या दारात पडन!"

या घरचा पाय म्हणजे त्यात गोपिकाबाईंचाही आला. पुढच्या संकष्टीपासून त्यांनी दिवसभराचं पाणीसुद्धा सोडलं, इतकंच.

"पाणी काहून सोडलं?" महादेवरावांनी विचारलं.

"असंच."

महादेवरावांना कळलं. त्यांना कळलं, हे गोपिकाबाईंनाही कळलं. घरात दोघंच माणसं राहिली की अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

तर त्या वर्षी आषाढ लागता लागता शेजारच्या शोभाताई सीताबर्डीहून परतल्या आणि घरी न जाता, हातातल्या पिशव्यांसकट गोपिकाबाईंच्या ओट्यावरच टेकल्या.

"काकू, उत्तरा भेटली होती. कपड्याच्या दुकानात. सासू बी होती संगं."

गोपिकाबाई वाती वळत होत्या. वळत राहिल्या. "बरी आहे?"

"बरी म्हणजे? सातवा लागून राहिला तिले! चेहरा असा भरला म्हणून सांगू. मले पाह्यलं अन् डोळ्यात पाणीच आणलं बाप्पा तिनं. तं सासू काय म्हणे, भीमाबाई नाव तिचं, म्हणे, पयलं बाळंतपण मायच्या घरी असते, आमची बी रीत तेच आहे. पण मुराळ्याबिगर पोरगी धाडत नसतात. माहेरचं कोणी न्याले आलं तं आम्ही अडवत नाही, नाही आलं तं मी हावोच म्हणे तिची माय." शोभाताईंनी पदराने वारा घेतला. "बोलाले मोठी सरळ आहे बाई. मले तं आवडली."

सासरहून लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो तो मुराळी. बहुतेक करून भाऊ. उत्तराला भाऊ नव्हता, तेव्हा जायचं तर महादेवरावांनीच जायला हवं. आणि जायचं तर हा सातवा सरायच्या आत. आठव्यात पोरीला हलवत नाहीत.

रात्री वाढताना गोपिकाबाईंनी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचा एक शब्द न घालता. महादेवरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भाजी खारट झाली."

भाजी खारट नव्हती.

*

त्याच महिन्यातली संकष्टी आली. दिवसभर आभाळ गच्च होतं आणि पाऊस मात्र नाही. दिवेलागणीला पूजा झाली, तळलेल्या मोदकांचा नैवेद्य झाला, आणि जेवणवेळेच्या सुमारास लाइन गेली. पंखे थांबले तसे लोक उकाड्याने बाहेर आले. आदल्या साली अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून या गल्लीने महिनाभर वर पाहून काढला होता. ती पडली दूर ऑस्ट्रेलियाकडे, पण वर पाहायची सवय काही गेली नव्हती. लाइन गेली की माना आपोआप वर व्हायच्या.

गोपिकाबाई आत देवाजवळ समईच्या उजेडात बसल्या होत्या. तोंड कोरडं पडलं होतं. तबकात चंदन, अक्षता, दूर्वा, दूधपाण्याचं फुलपात्र असं सगळं मांडून ठेवलेलं होतं. तेवढ्यात बाहेर कल्ला उठला.

"दिसली! दिसली! काकू, तबकडी!"

कल्ल्यात शेवटचं अक्षर कुणाला ऐकू येतं? आणि दिवसभर ज्याची वाट पाहिली तेच माणसाला ऐकू येतं. गोपिकाबाईंना ऐकू आलं, दिसला, दिसला. काकू, तबक.

"आली वं बाई, तबक घेऊनच येऊन राहिली," असं म्हणत त्या लगबगीने उठल्या.

घराचं तोंड पश्चिमेला. एरवी अर्घ्य द्यायला त्या मागच्या अंगणात जायच्या. पण हाक पुढून आली, माणसं पुढे होती, अंधार होता, आणि पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. त्या पुढेच आल्या. अंबाझरी तलावाच्या बाजूला ढग जरा विरळ झाले होते आणि त्यात एक गोल उजेड होता. पिवळसर, शांत, जागच्या जागी थांबलेला. गोपिकाबाईंनी एकदा पाहिलं. मग रीतीप्रमाणे नजर खाली घेऊन त्यांनी तीनदा अर्घ्य सोडलं, अक्षता वाहिल्या, तबक ओवाळलं. हात जोडले तेव्हा मनात एकच नाव होतं.

गल्ली एकाएकी चिडीचूप झाली होती. अर्घ्याच्या वेळी लोक शांत राहिले, बरं झालं, असं त्यांना वाटलं.

वळताना त्यांना महादेवराव दिसले. ते फाटकाशी उभे होते. आधी ते बायकोकडे पाहत होते, मग तिच्यासमोरच्या आभाळाकडे. आणि पाहता पाहता त्यांनीही हात जोडले. देवळात गेल्यावर जोडतात तसे नव्हे. आपला कुणी वडीलधारा अचानक दारात उभा राहावा आणि आपण चपापून जोडावेत, तसे.

दोघं आत आली. कंदिलाच्या उजेडात पानं वाढली. गोपिकाबाईंनी पाणी घेतलं, एक मोदक खाल्ला, दुसऱ्याचा तुकडा मोडला, आणि त्यांची नजर स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून बाहेर गेली.

निंबाच्या फांद्यांमागे, उगवतीला, चंद्र वर येत होता. तांबूस, आणि एका कडेने जरा झिजलेला.

चौथीचा चंद्र असाच असतो. पुनवेनंतर चार दिवसांत त्याची कड खाल्ली जाते. इतकी वर्षं दर महिन्याला त्याला पाहिल्यावर गोपिकाबाईंना ती कड आपल्या घरच्या वाटीचा टवका ओळखावा तशी ओळखू यायची. पुढच्या आभाळात पाहिलेला तो काठोकाठ गोल होता. तेव्हा कसं लक्षात आलं नाही?

त्यांनी मोदकाचा तुकडा पानात ठेवला, हात धुतले आणि नवं पाणी घेऊन मागच्या अंगणात जाऊन दुसऱ्यांदा अर्घ्य दिलं.

"काय झालं?" त्या आत आल्यावर महादेवरावांनी विचारलं.

"चंद्र आत्ता निंगाला. मागून."

"मंग तो?"

गोपिकाबाईंनी आपलं पान झाकून ठेवलं. महादेवरावांच्याही पानातला भात तसाच राहिला.

*

दुसऱ्या दिवशी गल्लीला दुसरा विषय नव्हता. पुढच्या आभाळातला उजेड थोड्या वेळाने ढगात विरला होता. कुठे गेला ते कुणी पाहिलं नव्हतं, पण काय होतं ते मात्र प्रत्येकाने पाहिलं होतं. पानठेलेवाल्याला ते सरकारचं टेहळणीचं विमान वाटलं. कोपऱ्यावरच्या म्हातारबुवांच्या मते ते कुण्या साधूला न्यायला आलेलं विमान होतं, आणि साधू आपल्याच भागातला असणार, एवढंही ते सुचवून ठेवायचे. एका पेपरात आलं की हवामानाचा फुगा. दुसऱ्याने ठळक अक्षरांत छापलं, 'नागपूरच्या आकाशात उडती तबकडी?' आणि प्रश्नचिन्ह लोकांनी वाचलं नाही.

शोभाताई सकाळीच आल्या. हसू आवरत नव्हतं.

"काकू, सारी गल्ली तिकडं थरथर कापून राहिली, अन् तुमी काय केलं? मंगळावरच्या पाव्हण्यांले ओवाळलं! म्हणूनच गेले असतील ते. म्हणे, चला बावा, इथं मान झाला आपला."

गोपिकाबाईंनाही हसू आलं. पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. "शोभा, तू जेवली होतीस काय वं तवा?"

"मंग! तुमी अर्घ्य दिलं म्हटल्यावर कोण थांबते? मी जेवली, समोरच्या सिंधूताई जेवल्या, साऱ्याच जेवल्या."

"माझ्यामुळं साऱ्यांचा उपास मोडला म्हण ना."

"जाऊ द्या वो काकू. गणपती काय पाहत नाही काय? त्यालेही तेवढंच हसू आलं असन."

शोभाताई गेल्या. गोपिकाबाईंनी त्या दिवशी पुन्हा उपास केला. त्याचंही कुणाला सांगितलं नाही. चुकलं म्हणजे परत करायचं. शिवणीचा टाका चुकला तर माणूस उसवून परत घालतो, त्यात रडण्यासारखं काय? पण तबक घासताना राहून राहून मनात येत होतं, की अर्घ्याचं पाणी सोडलं ते कशावर? हात जोडले ते कुणाला? ते नाव कुणी ऐकलं?

संध्याकाळी शोभाताईंचे यजमान मधुकरराव ओट्यावर आले. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. मऊ बोलणारा माणूस. वर्गात मागच्या बाकांना ऐकू येत नाही, अशी शोभाताईंचीच तक्रार असे. महादेवरावांनी त्यांना स्वतः बोलावून आणलं होतं, आणि हे नवल होतं, कारण महादेवराव कुणाला बोलावत नसत.

"प्रोफेसर साहेब, ते काय होतं गा?"

"काकाजी, काय होतं ते मला नाही सांगता येणार. कोण काय पाहतं, तेवढंच आमच्या विषयात येतं." मधुकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाहेरच्या देशांत मोठी लढाई संपली आणि लोकांना अशा तबकड्या दिसायला लागल्या. विमान चालवणाऱ्यांना दिसल्या, शेतकऱ्यांना दिसल्या. काही विद्वानांचं म्हणणं असं की माणसाच्या आत काही दुभंगलं की त्याला वर गोल दिसतं. म्हणजे जे कुठेच तुटलेलं नाही असं काहीतरी. खाली जे सांधता येत नाही, ते तो आभाळात अख्खं पाहतो."

गोपिकाबाई दाराआड तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. त्यांच्या देवघरात सगळंच गोल होतं. तबक, समईचं तळ, कलशाचं तोंड, कपाळावरचं कुंकू. ते असं का, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही कधी प्रश्न पडला नव्हता.

"म्हणजे नव्हतंच तिथं काही?" महादेवराव म्हणाले.

"असं नाही म्हटलं मी. असेलही. फुगा असेल, काहीही असेल. पण फुग्याला फुगा म्हणून कुणी पाहिलं? मला त्याला खिडक्या दिसल्या. ओळीनं. शपथेवर सांगतो." मधुकरराव स्वतःशीच हसले. "तर ही म्हणते, भाड्याच्या दोन खोल्यांत खिडकीच नाही, म्हणून तुम्हाले आभाळात दिसतात."

"मंग खरं काय धरायचं माणसानं?"

"वस्तू काय होती ते पेपरवाल्यांना विचारा. पाहणाऱ्याचं पाहणं मात्र खोटं नसतं. त्यानं पाहिलं ते पाहिलंच."

मधुकरराव उठून गेले तेव्हा त्यांना फाटकापर्यंत पोचवायलाही महादेवराव उठले नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपिकाबाई पोथी वाचत होत्या. महादेवराव आले आणि समोर पाटावर बसले. एरवी ते खुर्चीवर बसायचे.

"अवं, ऐकतं का? तुले एक विचारतो. खरं सांगशील."

"मी कवा खोटं सांगतलं?"

"म्हणूनच तुले विचारतो. गल्लीतल्या बाया तुह्या शब्दावर जेवतात." त्यांनी घसा साफ केला. "त्या दिवशी तू अर्घ्य दिलं. मावळतीले. तो चंद्र होता काय?"

गोपिकाबाईंनी पोथी मिटली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर या चेहऱ्यावरचं त्यांनी वाचलं होतं: राग, थकवा, रात्रपाळीची झोप, उत्तरा जन्मली तेव्हाचा आनंद. आज त्यावर जे होतं ते त्यांनी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. तो माणूस मागत होता. हो म्हण, असं तो सगळ्या अंगाने सांगत होता. दोन वर्षं आपल्याच शब्दाची कडी आतून लावून बसलेला माणूस, बाहेरून कुणीतरी ती काढावी म्हणून दाराशी कान लावून बसला होता.

एक 'हो', एवढंच. मग चंद्र मावळतीला निघाला असं ठरणार होतं. महादेवराव उठून इंदोऱ्याला जाणार होते, उत्तरा या घरात येणार होती, मागच्या खोलीत पाळणा लागणार होता. आणि ते 'हो' म्हणायला काय लागत होतं? पाहिलं तेव्हा त्यांनी चंद्र म्हणूनच पाहिलं होतं. पेपरवाल्यांचंही एकमत नव्हतं. कुणाचं नुकसान नव्हतं.

गोपिकाबाईंनी डोळे मिटले. देवाला त्यांनी कौल लावला नाही. तशी त्यांची सवय नव्हती. देवाला कामाला लावायचं नाही, आपण कामाला लागायचं, असं त्या मानत. डोळे उघडून त्या म्हणाल्या,

"नव्हता. चंद्र मांगून निंगाला, उगवतीले. मी पाहिला. कड खाल्लेला होता. पुढचा तो चंद्र नव्हता."

महादेवरावांची मान खाली गेली.

"झालं मंग," ते म्हणाले.

"पण एक सांगते. चंद्र नसन तो, पण मी पाणी सोडलं ते खोटं नव्हतं. हात जोडले तवा माझ्या मनात आपली पोरगीच होती. दुसरं काही मागतलं नाही मी." त्या थांबल्या. "अन् तुमी बी हात जोडले. मी पाहिलं. कायले जोडले, ते मी नाही विचारत."

महादेवराव उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. गोपिकाबाईंनी पोथी पुन्हा उघडली. ओळी डोळ्यांपुढून जात होत्या, अर्थ लागत नव्हता. आपण आत्ता आपल्या हाताने लेकीचं माहेर बंद केलं, हे त्यांना चांगलं कळत होतं. त्याचं दुःख होतंच. पश्चात्ताप मात्र शोधूनही सापडेना, आणि याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

नंतरचे दिवस घरात फारसं बोलणं झालं नाही. गल्लीतली चर्चा विरत गेली. श्रावण तोंडावर आला, सातवा सरत आला. शोभाताईंनी एकदा कुंपणावरून विचारलं, "काकू, काही ठरलं काय वो?" गोपिकाबाईंनी नकारार्थी मान हलवली. शोभाताईंनी पुढे टोमणा मारला नाही. त्यांना टोमणे कुठे थांबवायचे ते कळत होतं.

मग एका सकाळी गोपिकाबाई तुळशीला पाणी घालून आत आल्या, तर महादेवराव दाढी करून बसलेले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा. कपाटातून छत्री काढून ती उघडून मिटून पाहत होते.

"कुठं जाऊन राहिले?"

छत्री मिटली. पुन्हा उघडली. काडी नीट बसत नव्हती.

"शब्द कोणाचा होता?" ते म्हणाले.

"कोणता?"

"तो, अंगणातला. कोण बोललं होतं? तू का मी?"

"तुमी."

"मंग पाहणं बी माहंच." छत्रीकडे पाहतच ते बोलत होते. सगळ्या दिवसांचं साठलेलं त्यांनी मनाशी घोकून ठेवलं असावं. "तुहा चंद्र मांगून निंगाला असन. खोटं नाही म्हणत मी. तू जे पाहिलं ते सांगतलं, तसंच सांगावं माणसानं. पण मी फाटकाशी उभा होतो. तू मावळतीले अर्घ्य देऊन राहिली होती अन् तुह्या समोर तो होता. मले त्या वक्ताले तो चंद्रच होता. पेपर दुसऱ्या दिवशी आला."

गोपिकाबाईंनी हातातला तांब्या खाली ठेवला.

"माहा शब्द होता, मावळतीले चंद्र निंगन तवा. मी पाहिला. आता नाही गेलो तं खोटा ठरतो ना मी?"

"हो ना," गोपिकाबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण यावर आणखी एक शब्दही बोललो तर तो जास्त होईल.

"तू चाल म्हटलं असतं. पण मुराळ्यानं एकट्यानंच जावं." ते उठले. "तू मांगची खोली झाडून ठेव. खाटेची दोरी ढिली पडली आहे, आल्यावर मी ताणतो."

दारापर्यंत जाऊन ते थांबले. वळले नाहीत. पाठमोरेच, जरा खालच्या आवाजात त्यांनी विचारलं,

"अवं, तिच्या सासूले काय म्हणावं मी? भीमाबाई म्हणू?"

"भीमाबाई काहून? विहीणबाई म्हणा."

महादेवरावांनी तो शब्द तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिला. मग छत्री काखेत धरली, बाहेर पडले, फाटक आवाज न करता लावून घेतलं आणि बसथांब्याच्या दिशेने चालू लागले.